चेक दिला, माइक नाही दिला

मंडळी, ही गोष्ट आपल्याच मंडळाची आहे. त्यात मीही होतो, म्हणून कुणी रागावू नये.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या मीटिंगमध्ये एक प्रस्ताव आला. महाराष्ट्रात एचआयव्हीचं काम करणारी एक तृतीयपंथी कार्यकर्ती परिषदेसाठी अमेरिकेत येणार होती. तिला आपल्याकडे अर्धा तास बोलायला बोलवावं का? चर्चा अगदी सभ्यपणे झाली. "काम चांगलंच आहे हो, पण सणाच्या दिवशी? लहान मुलं असतात..." शेवटी तोडगा निघाला: संस्थेला देणगीचा चेक पाठवू, कार्यक्रम नको. सगळ्यांनी हात वर केले. माझाही वर होता. महिन्याभराने पावती आली. खाली हाताने लिहिलं होतं, "मनापासून आभार. पुढच्या वेळी बोलायला बोलवा, चेक नसला तरी चालेल."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मदत करणं आणि पुढारपण मान्य करणं, यांत नेमका फरक काय?

आधी माझ्या धंद्यातलं सांगतो. एका हॉस्पिटलसाठी आम्ही मोठी सिस्टीम बसवली होती. वर्षभर मीटिंगा झाल्या, पण जिला ती रोज वापरायची त्या नर्सला कुणी विचारलं नाही. महिन्याभरात नर्सेस पुन्हा कागदावर लिहू लागल्या. एचआयव्हीच्या कामातही हेच आहे. लग्न झालेला, चारचौघांत वावरणारा पुरुष रात्री कुठे जातो, डॉक्टरांपासून काय लपवतो आणि का, हे सरकारी फायलीत नसतं. ते त्याच वाटेने गेलेल्या माणसाला ठाऊक असतं. मुंबईत पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह हमसफर ट्रस्ट उभा केला, तो याच जाणिवेतून. वस्तीत, बागेत, स्टेशनवर जाऊन बोलणारे कार्यकर्ते त्याच समाजातले होते.

याची किंमतही त्यांनीच मोजली. जुलै २००१ मध्ये लखनौला एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी कलम ३७७ लावून पकडलं. दीड महिन्याहून जास्त काळ ते तुरुंगात होते. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली की हे कलम एचआयव्ही रोखण्याच्या आड येतं. २००९ मध्ये निकाल बाजूने लागला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मग २०१६ मध्ये नर्तक नवतेज सिंग जोहर आणि आणखी चौघे स्वतःच्या नावाने न्यायालयात उभे राहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द झालं. आधी त्यांच्यासाठी संस्था बोलली होती. आता ते स्वतः बोलले.

पण समजा, बाहेरच्या तज्ज्ञांनीच सगळं चालवलं आणि काम तितकंच चांगलं झालं, तर? मग पुढारपणाचा आग्रह कशाला?

मंडळी, उद्या एखाद्या सज्जन अमेरिकन संस्थेने आपल्यासाठी गणपती बसवला, मोदकही उत्तम आणले, फक्त कमिटीत एकही मराठी माणूस नको म्हणाली, तर आपल्याला चालेल? मोदकांत काही खोट नसेल, पण आपण आपल्याच घरी पाहुणे होऊ. १९८३ मध्ये, एड्सवर औषध नव्हतं तेव्हा, डेन्व्हरच्या एका परिषदेत काही रुग्णांनी व्यासपीठावर जाऊन हेच मांडलं: आम्हाला बिचारे म्हणू नका, जिथे आमच्याबद्दल निर्णय होतात तिथे आम्हाला बसू द्या. मरण समोर दिसत असताना त्यांनी दयेआधी मान मागितला. मला वाटतं, दया देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. अधिकाराचं तसं नसतं.

इथे एक चकवाही आहे. समाजातल्या माणसाला तुटपुंज्या मानधनावर वस्तीत फिरवायचं आणि बजेट, धोरण, नेमणुका मात्र बाहेरच्यांनी ठरवायच्या, याला सहभाग म्हणता येईल, नेतृत्व नाही. हिशेब ठेवायला, भाषण करायला, चुका करून सुधारायला त्यांनाही वेळ आणि विश्वास लागतो. आपल्या मंडळाचे पहिले जमाखर्च कसे होते, ते जुन्या मंडळींना विचारा!

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. पुढारी व्हायचं तर नाव आणि चेहरा उघड करावा लागतो. ते कुणाला परवडतं? ज्याला घरचे दार उघडं ठेवतात त्याला, नाहीतर ज्याला गमावण्यासारखं काही उरलेलं नाही त्याला. मधले असंख्य गप्प राहतात. म्हणजे या समाजातून किती नेते तयार होतील, हे थोडंफार आपल्या दिवाणखान्यांत ठरतं. आज आपल्या हॉलमध्ये 'लहान मुलं असतात' म्हणून आपण ज्यांना बोलू देत नाही, त्यांच्यासारखंच एखादं मूल त्याच लहान मुलांत बसलेलं असू शकतं. आपला ठराव ते ऐकत असतं.

मी त्या दिवशी हात वर केला तो वाईट हेतूने नव्हे. चेक लिहिणं सोपं होतं, ऐकून घेणं अवघड होतं, एवढंच. येत्या सर्वसाधारण सभेत तो प्रस्ताव मी स्वतः पुन्हा मांडणार आहे: अर्धा तास, माइक, आणि नंतर पंगतीत आपल्या शेजारची जागा.

अनुमोदक हवा आहे.