हात काढून घेतल्यावर

बसा. ट्रान्समीटर वायरीने संगणकाला जोडलेला असू द्या. अंगठे स्टिकवर ठेवायची घाई नको. पडद्यावर हिरवं मैदान आहे आणि वर मोकळं आभाळ. आजचा सिम्युलेटर सीआरआरसीसिम, रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांचा, मोफत आणि खुल्या स्रोताचा. नावातली पहिली चार अक्षरं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्स रिव्हर रेडिओ कंट्रोलर्स या हौशी मंडळींच्या क्लबची आहेत, आणि आतलं उड्डाणाचं गणित नासाच्या लँग्ली केंद्रातल्या लार्कसिम या प्रोग्रॅमवरून घेतलेलं. विमान निवडा अलेग्रो. एमआयटीतले प्राध्यापक मार्क ड्रेला यांच्या आराखड्याचं, दोन मीटर पंखांचं ग्लायडर. त्याला मोटर नाही, एलेरॉनही नाहीत. मोटरच्या जोरावर विमानाचे बरेच दोष झाकले जातात. इथे ती सोय नाही, म्हणूनच मननासाठी हे विमान मला सर्वांत योग्य वाटतं.

वारा शून्यावर ठेवा. विमान सोडा. ट्रिम हळूहळू लावा, ते सरळ तरंगत खाली येऊ लागेपर्यंत. आणि आता अंगठे उचला.

पाहत राहा. नाक जरा वर येतं, वेग कमी होतो. मग नाक खाली झुकतं, वेग वाढतो, पुन्हा नाक वर. या हेलकाव्याला फ्युगॉइड म्हणतात. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०८ च्या आपल्या ग्रंथात त्याचं गणित मांडलं. त्यांच्या सूत्रात एका हेलकाव्याचा काळ फक्त वेगावर ठरतो. वजनाचा किंवा पंखांच्या आकाराचा थेट संबंध त्यात येत नाही. सेकंदाला आठ मीटर वेगाने तरंगणाऱ्या ग्लायडरसाठी तो साडेतीन सेकंदांच्या जरा वर भरतो. शांत बसलेल्या माणसाचा एक श्वास साधारण तेवढाच असतो. तुमचा श्वास त्याच्याशी जुळवायचा प्रयत्न करू नका. फक्त दोन्ही चालू आहेत, हे लक्षात येऊ द्या.

आता विमानाची फाइल उघडा. साधा मजकूर आहे, वाचता येतो: वस्तुमान, पंखांची लांबी, आणि मग हवेशी असलेल्या नात्याचे आकडे. त्यातला सीएम-अल्फा शोधा. नाक थोडं वर गेलं तर ते परत खाली आणणारा जोर किती, हे तो सांगतो. तो ऋण असला की विमान स्वतःहून सावरतं. खऱ्या विमानात हीच गोष्ट नाकात शिसं भरून किंवा बॅटरी पुढे-मागे सरकवून साधतात, म्हणजे गुरुत्वमध्य हलवून. गुरुत्वमध्य जिथे असला की सीएम-अल्फा शून्य होतो, तो न्यूट्रल पॉइंट. त्याच्या पुढे गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या दहा टक्के असेल, आणि कोन वाढल्यावर उचल वाढण्याचा दर, सीएल-अल्फा, पाच असेल, तर सीएम-अल्फा उणे ०.५ येतो. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची बाब आहे, पण विमानाचा अख्खा स्वभाव तिथे ठरतो.

हा एकच आकडा बदला. शेजारचे कितीही खुणावोत, त्यांना हात लावू नका. दोन आकडे एकदम बदलले की जे दिसेल ते कोणामुळे दिसलं, हे कळायचा मार्गच उरत नाही.

ट्रिम नव्याने लावा. मग स्टिक पुढे ढकलून विमानाला सूर मारू द्या, फार खडा नको. आणि अंगठा काढा. काढाच. ही चाचणी खऱ्या मैदानावर ग्लायडरवाले करतात, तिथे जमीन जवळ असते आणि धीर लागतो. इथे काही मोडणार नाही, म्हणून पूर्ण वेळ द्या.

नाक झटकन वर आलं? मग विमान नाकाकडे जड आहे. जड नाक तोलायला एलेव्हेटर वर ट्रिम केलेला असतो. वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, वजन मात्र होतं तेवढंच राहतं. सूर अधिकच खोल जात राहिला तर शेपूट जड. आणि विमान आपल्या गतीने, लांबलचक वळण घेत सावरलं, तर आकडा ठीक जागी आहे.

अंगठा त्या क्षणी स्टिककडे ओढला जाईल. त्या ओढीकडे नीट पाहा, कारण सगळा अडसर तिथेच आहे. हात सराईत झाला की तो विमानाच्या चुका विमानाआधी सुधारतो. विमान छान उडतंय असं वाटतं. उडवत असतो अंगठा. वर्षानुवर्षं नाकजड विमान सांभाळणाऱ्या माणसाला ते नाकजड आहे हे जाणवतही नाही, इतकी ती दुरुस्ती बोटांत मुरते. सिम्युलेटरची मोठी देणगी मला हीच वाटते. हाताची सवय एकीकडे आणि विमानाचा स्वभाव दुसरीकडे, असे दोन्ही इथे वेगळे ठेवून पाहता येतात.

वजनावर फार थांबायला नको. वस्तुमान २१ टक्के वाढवलं तर तरंगण्याचा वेग दहा टक्के वाढतो, उतरणीचा कोन जवळजवळ तोच राहतो. एकदा पाहून घ्या, आकडा पूर्ववत करा.

आता वळण. एलेरॉन नसलेलं हे विमान कलतं कसं? विमान तिरकं घसरू लागलं की पंख कलवणारा जोर किती, हे सीएल-बीटा सांगतो; यातला सीएल उचलीचा नव्हे, कलण्याचा. तो शून्य करून रडर डावीकडे द्या. नाक डावीकडे सरकतं, पण पंख जवळजवळ सपाटच राहतात. विमान तिरकं घसरत जातं. मूळ आकडा परत लिहा आणि तेवढाच रडर द्या. नाक आधी जातं. मग टोकाकडे वर वळलेल्या पंखांपैकी उजवा हवेला अधिक कोनात भेटतो, उचलला जातो, आणि वळण सुरू होतं. नाक आणि पंख यांच्यामधली ती विलंबाची जागा पुन्हा पुन्हा पाहा. आकडा थोडा वाढवा, ती आखडते. कमी करा, ती लांबते.

फाइल वेगळ्या नावाने जतन करा. यानंतर वारा सुरू करायला हरकत नाही, पण तो वाहत असेपर्यंत फाइल बंद असू द्या.