औषध कोणासाठी?

नऊ वर्षांच्या मुलाला शाळेतून काढून आम्ही घरी शिकवू लागलो, तेव्हा औषधाचा प्रश्न आपोआप मिटला असे आम्हांस वाटले होते. अवधान टिकत नाही, शरीर स्वस्थ राहत नाही, या अवस्थेस वैद्यक ‘एडीएचडी’ म्हणते. घरात पाढे झोपाळ्यावर म्हणता येतात. केवळ वर्गाच्या सोयीसाठी मुलास गोळी देणे आम्हांस अन्याय्य वाटे.

उत्तेजक औषधाने अशी काही मुले उलट अभ्यासात स्थिरावतात, हे अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली नोंदविले. आज दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटचा परिणाम काही तासच टिकतो. भूक व झोप मात्र कमी होऊ शकते.

एके दिवशी मुलाने आजीसाठी लिहायला घेतलेले पत्र चौथ्यांदा अर्ध्यावर फाडले. म्हणाला, “मला लिहायचंय, पण मन पळून जातं.” तेथे वर्ग नव्हता, परीक्षा नव्हती. इच्छा त्याचीच होती आणि ती त्यालाच पुरी करता येत नव्हती. औषध न देणे हाही एक निर्णयच असतो. त्याला आम्ही उगाच निर्दोष मानले होते.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेने आरंभ केला. पत्र पुरे झाले. पण गोळीच्या दिवशी आपण कमी गुणगुणतो, असे तो सांगतो; तेही आम्ही डॉक्टरांना कळवितो. हा निर्णय फिरविता येण्याजोगा आहे. म्हणूनच ही गोळी त्याच्या पत्रासाठी की आमच्या शांततेसाठी, हे आम्हांस दरमहा, त्याला जवळ बसवून, नव्याने विचारावे लागते.