सेवकाची साक्ष

मनुष्य घरी सौजन्याने वागतो, एवढ्यावरून त्याचे बाहेरील कर्म धर्म्य ठरते काय? शेक्सपिअरने सुमारे १५९९ साली लिहिलेल्या ‘ज्यूलिअस सीझर’ या शोकान्त नाटकात ल्यूशिअस नावाचा एक लहान सेवक आहे. त्याच्या दृष्टीने पाहिले असता या प्रश्नाचे मर्म ध्यानी येते.

ब्रूटस हा त्याचा धनी. हत्येच्या आदल्या रात्री मुलगा दिवा लावतो, खिडकीपाशी सापडलेले पत्र आणून देतो, तिथी पाहून सांगतो, दार ठोठावणारांची वर्दी देतो व पुन्हा झोपी जातो. आत कोणता कट शिजला हे त्यास ठाऊक नसते. पुढे सार्डिसच्या छावणीत वाद्य वाजविता वाजविता त्यास डुलकी लागते, तेव्हा ब्रूटस त्यास उठवीत नाही. वाद्य मोडू नये म्हणून हळूच काढून घेतो. हरवलेले पुस्तक स्वतःच्याच झग्यात सापडताच तो आपला विसराळूपणा मुलाजवळ मान्य करतो. या प्रवेशाचे भाषांतर करू लागल्यास ब्रूटसच्या मुखी ‘बाळ’ हाच शब्द सहज येतो.

माझा धनी दयाळू आहे, अशी साक्ष ल्यूशिअसने खचित दिली असती. आणि ती खोटी नाही. परंतु सीझरचे भूत धन्यापुढे उभे राहते तेव्हा मुलगा निद्रिस्त असतो. त्याने धन्याचा स्वभाव पाहिला; कर्म पाहिले नाही. ख्रिस्तपूर्व ४४ मधील १५ मार्च रोजी ब्रूटसने आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या मित्रावर शस्त्र चालविले. दया खरी, तशी हत्याही खरी.

ब्रूटसला लोभ नव्हता, हे त्याचा शत्रू अँटनीही मान्य करतो. मग दोष कोठे? ख्रिस्तपूर्व ४२ मध्ये फिलिपाय येथे त्याचा पराजय होऊन त्याने आत्मघात केला. पण गीता फळावरून कर्म तोलू देत नाही. दोष कर्माच्या मुळाशी आहे. नाटकातील ब्रूटस सीझरचा घडलेला अन्याय दाखवीत नाही. मुकुट मिळाल्यास तो बदलेल, या कल्पनेने त्यास मारतो. कुरुक्षेत्रावरही स्वजनवधाचा प्रसंग होता. परंतु तेथे अन्याय घडून गेला होता, शिष्टाई निष्फळ ठरली होती, आणि अर्जुनाने आपला संशय उघड करून शिष्यभावाने मार्ग विचारला. ब्रूटस मात्र मनातल्या मनात निर्णय करतो, पत्नीस सांगण्यासही प्रथम कचरतो; आणि ज्या पत्रांस तो रोमची हाक समजतो, ती कॅशिअसच्या कारस्थानाने टाकलेली असतात.

श्रेष्ठ जे आचरतात त्याचेच अनुकरण इतर करतात, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आपल्याही घरी मुले असतात, सेवक असतात. काही न विचारता ती आपल्यावर विश्वास टाकतात. तो विश्वास म्हणजे आपल्या धर्मनिष्ठेचे प्रमाणपत्र नव्हे; ते आपणावरील ऋण आहे. म्हणून जे कर्म त्यांच्यापुढे उघडपणे सांगण्यास जीभ अडखळते, ते करण्यापूर्वी गृहस्थाने क्षणभर थांबावे, आणि आपला संशय एखाद्या निःस्पृह सज्जनाजवळ बोलून पाहावा.