भुलीतून कोण परततं

आमच्या तलवाड्यात मला "दुखंल का?" असं सहसा कुणी विचारत नाही. उसाच्या फडात आणि कापसाच्या रानात हाडं झिजवलेल्या माणसांना दुखण्याचं अप्रूप नसतं. मी भूलतज्ज्ञ आहे. बीड, गेवराई, माजलगावच्या दवाखान्यांतून बॅग घेऊन फिरते. नवरात्रात माहेरी आले की त्वरिता देवीच्या डोंगरावरून खाली उतरेपर्यंत कुणी ना कुणी गाठतंच. कुणाच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलेलं, कुणाच्या सासऱ्याचा खुबा मोडलेला. प्रश्न ठरलेले. "म्याडम, मधीच जाग आली तर?" "पाठीत सुई दिली की कंबर जल्माची जाती म्हणत्यात, खरं का?" एखादी सून सासूपासून चार पावलं मागं राहून विचारते, "भुलीत माणूस पोटातलं बोलतं का वो?" आणि सगळ्या पांगल्या की एखादी हळूच म्हणते, "मी माघारी येईन ना?"

पहिल्या तिघींना उत्तरं देता येतात. पाठीतली सुई मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली देतात, ती केसासारखी बारीक असते आणि तिच्यानं कंबर जन्माची जात नाही. काहींचं डोकं मात्र दुखतं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी, आणि त्यावर इलाज आहे. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअरनं ही पद्धत सुरू केली, तेव्हा स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेऊन त्यानं ती डोकेदुखी आपणही भोगली. पोटातलं बोलण्याचं म्हणाल, तर घशात नळी असताना कुणाला बोलता येत नाही. आणि मध्येच जाग येण्याबद्दल ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. पूर्ण भूल दिलेल्या साधारण १९ हजार जणांमागे एकाची तशी तक्रार तिच्यात निघाली.

माघारी येण्याच्या प्रश्नाला असा आकडा लागू पडत नाही. लाखात एखादा, असं म्हटलं की ती मान डोलावते, पण तिच्या डोळ्यांत दिसतं की तो एखादा म्हणजे आपणच, असं तिनं धरलेलं आहे. तिला शक्यता मोजायची नसते. तिथं काय असतं, ते तिला विचारायचं असतं.

तिथवर पोचण्याआधीची तयारी मात्र पक्की व्यवहाराची आणि तितकीच धर्माची. नऊ दिवसांचे उपास करणाऱ्या बायकांना "काही खायचं नाही" हे सांगताना कसली अडचण, असं वाटावं. खरी अडचण तिथंच. उपासाला चहा चालतो, म्हणून पहाटे कपभर दुधाचा चहा घेऊन येतात आणि वर शपथेवर सांगतात, "पोटात काय बी न्हाई." देवीला चालणारा चहा भुलीला चालत नाही. दूध म्हणजे जेवणच, त्याला सहा तास. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भुलीत ते दूध वर येऊन श्वासनळीत उतरलं तर जिवावर बेततं. मिश्रीचं तसंच. म्हातारी बाई ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा दातांवरून बोट फिरवल्याशिवाय राहत नाही.

मंगळसूत्र काढायला सांगितलं की चेहरे पडतात. रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणामुळं अंगावरच्या धातूपाशी भाजू शकतं, हे मी समजावते. मग सासू पदराच्या गाठीत डोरलं बांधून घेते आणि सुनेच्या गळ्यात हळदीचा दोरा घालते. माळकऱ्याची तुळशीची माळ मी काढायला लावत नाही. तिच्यात धातू नाही. नळीच्या आड येणार नाही अशी बाजूला सारून चिकटपट्टीनं बसवते. एका सर्जननं यावर मला "बुवा" म्हणून चिडवलं होतं. चिडवू दे. माळ उतरवलेल्या म्हाताऱ्याचा रक्तदाब त्यानं पाहिलेला नाही.

आता माघारी येण्याच्या प्रश्नाकडं. पेशंटला आम्ही सगळेच सांगतो, "झोपेचं इंजेक्शन देतो." ही सोयीची थाप आहे. झोपलेल्याला चिमटा काढला तर तो उठतो. मी भूल दिलेला माणूस पोट उघडलं तरी उठत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या एमरी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या विद्युतलहरींवरून स्पष्टच लिहिलं की पूर्ण भूल ही झोपेपेक्षा कोमाच्या जवळची अवस्था आहे, फक्त माघारी आणता येणारी. हे वाचलं आणि मला आमचे चुलते आठवले. चातुर्मासात ते देवळात पोथी सांगायचे, आणि घरी विष्णुशास्त्री बापटांचं ब्रह्मसूत्रभाष्याचं मराठी भाषांतर वाचत बसायचे. मी अंबाजोगाईला शिकत होते तेव्हा ते मुकुंदराजांच्या समाधीला आले, की मला धरून मूर्च्छेचं अधिकरण समजावायचे. डॉक्टर होणाऱ्या पुतणीला दुसरं काय सांगायचं, असा त्यांचा हिशेब असावा.

तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ते आहे. शंका अशी, की जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि मरण एवढ्याच अवस्था माहीत आहेत. मग मूर्च्छा यांपैकी कोणती? शंकराचार्य एकेक बाद करत जातात. जागा म्हणावा तर त्याला काही कळत नाही. स्वप्न म्हणावं तर भानच नाही. मेला म्हणावा तर लोक छातीवर हात ठेवून ऊब पाहतात, नाकापाशी हात धरून श्वास पाहतात, आणि दोन्ही सापडतात. झोपलाय म्हणावं तर झोपलेला हातानं हलवला तरी उठतो आणि हा मुद्गलानं ठोकला तरी उठत नाही. शिवाय झोप थकव्यानं येते, मूर्च्छा आघातानं. तेव्हा ही अर्धीच अवस्था, थोडी सुषुप्तीकडं झुकलेली आणि थोडी मरणाकडं. पुढं ते म्हणतात, हे मरणाचं दार आहे. कर्म उरलं असेल तर वाचा आणि मन परततात, उरलं नसेल तर श्वास आणि ऊब निघून जातात.

ऊब आणि श्वास. भुलीचं यंत्र लावताना मला हे दोन शब्द हटकून आठवतात. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली एडवर्ड लॉरीनं क्लोरोफॉर्म कमिशन बसवलं. माणूस क्लोरोफॉर्मनं दगावतो तेव्हा आधी हृदय थांबतं की श्वास, हा वाद होता, आणि तो मिटवायला निजामानं पैसे दिले. आधी श्वासच थांबतो, नाडी धरून बसू नका, श्वास बघा, असा निकाल लागला. क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतो, हे गुडमन लेव्हीनं १९११ साली दाखवून दिलं आणि तो निकाल अर्धा खोटा ठरला. श्वास बघायची सवय मात्र राहिली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत गणल्या जाणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी त्याच हैदराबादेत क्लोरोफॉर्म देत होत्या. त्यांच्याजवळ बघायला डोळे आणि हातच होते. माझ्यापाशी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, ज्याचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागीनं १९७४ च्या सुमारास शोधलं, आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख आहे. नाकापाशी धरलेला हातच तो.

मूर्च्छेच्या आधीचं सूत्र मला जास्त कामाचं वाटतं. झोपेत ब्रह्माशी एक झालेला जीव उठतो तेव्हा तोच उठतो कशावरून? घागरीत टाकलेला पाण्याचा थेंब पुन्हा तोच कसा काढणार? तिथं दिलेल्या उत्तरांतलं पहिलं अगदी शेतकऱ्याचं आहे. काल अर्धं टाकलेलं काम माणूस आज पुरं करायला घेतो, म्हणून तो तोच.

रिकव्हरीत मी हे रोज बघते. अंगात कापरं भरलेलं, घसा खवखवलेला, मळमळतंय, आणि ओठांवर पहिलं वाक्य "शेरडाला पाला टाकला का?" खुब्याच्या ऑपरेशननंतर एक आजोबा भ्रमिष्टासारखे झाले होते. सुनेला मेलेल्या आईच्या नावानं हाक मारत, पलंगाच्या दांड्याला बैल जुंपत. म्हातारपणी असं होतं, बहुतेकदा ओसरतं. चष्मा, कानातलं यंत्र, ओळखीचा माणूस आणि खिडकीतला उजेड यांनी लवकर ओसरतं. लेक रडत म्हणाला, "म्याडम, दुसराच कोणतरी आलाय." दोनेक दिवसांनी आजोबांनी विचारलं, "पाटाला पाळी सुटली का?" त्यावर लेकाला जे हायसं वाटलं, तेवढं माझ्या कुठल्याच रिपोर्टनं वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी भुलीआधी प्रत्येकाला विचारून ठेवते, घरी काय काम अर्धं राहिलंय, आणि जाग आली की त्याचंच विचारते. शुद्ध तपासायला ते बरंच पडतं.

एका ठिकाणी मात्र माझं वेदान्त्यांशी अडतं. उठलेला माणूस म्हणतो, सुखानं झोपलो होतो, काही कळलं नाही; म्हणजे ते न कळणं पाहणारा कुणीतरी साक्षी तिथं होता, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायदर्शनाचे नैयायिक म्हणतात, ही आठवण नव्हे, अंग ताजं वाटतंय त्यावरून केलेलं अनुमान आहे. भुलीतून उठलेला तर सुखानं झोपलो असं म्हणतच नाही. ऑपरेशन उरकलेलं असतं आणि तो विचारतो, "कवा सुरू करणार?" मधला काळ त्याच्या लेखी नाहीच. मग नैयायिक जिंकले?

इथं मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध आडवं येतं. ते दिल्यावर बाई माझ्याशी नीट बोलते, लेकाचं नाव सांगते, हसते, आणि नंतर त्यातलं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. तेव्हा आठवण नाही यावरून आठवणारा नव्हता, असं म्हणता येत नाही. १९७७ साली टनस्टॉल या भूलतज्ज्ञानं याहून अस्वस्थ करणारी युक्ती काढली. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे तो हात हलता राहतो, आणि भुलीत सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाब. काहीजण दाबतात. नंतर त्यांना आठवत नाही.

साक्षी असतो की नसतो याचा निवाडा ऑपरेशनच्या टेबलावर होणार नाही. पण मी तो आहे असं धरून चालते, आणि माझ्या थिएटरात पेशंटच्या वजनावरून, जातीवरून, नवऱ्यावरून थट्टा चालू देत नाही.

पाठीतल्या सुईबद्दल एक सांगायचं राहिलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांत १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यांतल्या कितीतरी आज कंबरेला हात लावून ऑपरेशनवेळच्या सुईला शिव्या देतात. सुईनं काही केलेलं नाही. डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन ट्रकवर चढण्यानं कंबर जाते, आणि काहींची पिशवीबरोबर अंडाशयंही ऐन तरुणपणी काढलेली, त्यानं हाडं ठिसूळ होतात. भूल सुरक्षित होती, ती नीट उतरलीही. ऑपरेशन लागत होतं का, हे विचारायची सोय त्यांना कुणी ठेवली नव्हती. सुईला शिव्या देणं त्यांना परवडतं.

दसऱ्याच्या तोंडावर अशाच एका ऊसतोड बाईला पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी मी भूल दिली. नेहमीप्रमाणं विचारलं, घरी काय अर्धं राहिलंय? म्हणाली, "मुकादमाची उचल." म्हणजे हंगामाआधी अंगावर घेतलेले आगाऊ पैसे. जाग आल्यावर तिला मी उचलीचं विचारलं नाही, पोरांचं विचारलं. तिनं पोरांची नावं नीट सांगितली आणि लगेच म्हणाली, "गाडी कवा भरायचीय?" मी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, महिनाभर ओझं उचलायचं नाही. तो बराच वेळ कागद बघत राहिला. मग म्हणाला, "म्याडम, आमचा कोयता जोडीचा हाय. हिचा खाडा कोन भरनार?"