धक्क्यावर राहिलेले

१५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळला आला. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. तो सूड मनात धरून त्यानं आदिलशाहीचं हे भरलेलं बंदर लुटलं, जाळलं, बायकापोरंही कापली आणि दीवच्या वाटेला लागला. दाभोळ त्या राखेतून पुन्हा उभं राहिलं. इथली शाही मशीद सतराव्या शतकातली आहे. या आठवणीतली एक गोष्ट मला फार दिवस विचारात पाडते. आल्मेदाच्या भरवशावर दाभोळात कुणी घर मांडलं नव्हतं. त्याची गलबतं दिसेनाशी झाली, तेव्हा गावानं मेलेल्यांसाठी आक्रोश केला असेल, पण त्याच्या जाण्यानं कुणी उघड्यावर पडलं नाही.

सांभाळायला म्हणून आलेलं सैन्य निघतं, तेव्हा हिशेब वेगळा होतो.

२९ जुलै १९८७ ला पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी ती गेली, त्यांच्याच नावानं लढणाऱ्या तमिळ वाघांशी, म्हणजे ‘एलटीटीई’शी, ऑक्टोबरात तिची लढाई जुंपली. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या इस्पितळात आपल्या जवानांच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मेले. २५ नोव्हेंबरला आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्मानं मुंबईकर, छातीत गोळी लागूनही लढत राहिले आणि तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. अकराशेंहून अधिक भारतीय जवान तिकडं कामी आले. श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी १९८९ त ‘निघा’ म्हणून सांगितलं. निघायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. यजमानाला नको असलेल्या सैन्यानं त्याच्या घरात राहू नये.

पण निघायच्या आधी आपण काय केलं? उत्तर-पूर्व प्रांतातलं आपल्या बाजूचं सरकार टिकावं म्हणून तमिळ नॅशनल आर्मी नावाची फौज उभी केली. तिच्यात कितीतरी पोरं घरातून, रस्त्यावरून जबरदस्तीनं ओढून आणलेली होती. हातात बंदूक, अंगावर गणवेश, पाठीशी भारत. मग एकेक जिल्हा रिकामा होत गेला आणि वाघांनी त्या पोरांना गाठलं. कितीएक मारली गेली, कितीएक शरण गेली. मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ भारतात पोचले. २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. जूनमध्ये युद्ध पुन्हा पेटलं. ऑक्टोबरात वाघांनी उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हाकलून दिलं. जाफना शहरात त्यांना घर सोडायला दोन तास मिळाले. शेजारीशेजारी देवळं आणि मशिदी असलेल्या दाभोळसारख्या बंदरात बसून हे वाचताना घशाशी आवंढा येतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार दोन तासांत कसा आवरायचा?

माघारीची तारीख दिल्लीत ठरते, शब्द मात्र गल्लीत दिलेला असतो. वाट दाखवणाऱ्याला, दुभाष्याला, रेशन पुरवणाऱ्याला कुणी नायक, कुणी सुभेदार ‘आम्ही आहोत’ म्हणालेला असतो. त्या शब्दाची नोंद कुठल्याच करारात होत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सैन्य निघत असताना काबूलच्या विमानतळावर धावणारी माणसं असल्याच शब्दांवर वीस वर्षं जगली होती.

सैन्य गेलं की सगळं कोसळतंच, असंही नाही. १९७२ च्या मार्चमध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परतलं, तेव्हा मागं तिथल्या लोकांनी स्वतः मागितलेलं राज्य होतं. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ त अफगाणिस्तानातून गेल्या, तरी नजीबुल्लांचं सरकार तीन वर्षं टिकलं. सोव्हिएतांकडून धान्य, तेल आणि पैसा यायचा थांबला, तेव्हा ते पडलं. म्हणून शिपाई परत आणताना रसद एकदम तोडू नये, जाता जाता कोवळ्या पोरांच्या हातात बंदुका देऊ नयेत, आणि आपल्यासाठी राबलेल्यांना, त्यांच्या कुटुंबांसह, पहिल्या जहाजात जागा द्यावी. हे खर्चाचं आहे. तो खर्च युद्धाच्याच खात्यात धरायला हवा.

दाभोळ ज्यात येतं त्या आमच्या दापोली तालुक्याला हे निराळं समजवावं लागू नये. कॅम्प दापोलीत इंग्रजांच्या पलटणीतले महार पेन्शनर राहत. १८९० नंतरच्या वर्षांत सरकारनं महारांची भरतीच बंद केली. तेव्हा दापोलीत राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी, स्वतः निवृत्त शिपाई, आपल्या लोकांच्या लष्करी सेवेचा दाखला देत भरतीसाठी अर्ज लिहिला. पुढं १९४१ त महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिचेच जवान १९८७ त जाफन्याच्या वाटांवर चालले. वलंगकरांना निदान अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा ते ठाऊक होतं. त्या तमिळ पोरांना तेही कुणी सांगितलं नव्हतं.