टाकताना वेग, उघडताना खोळंबा

साताऱ्यातल्या एका लग्नाच्या व्हिडिओ स्टुडिओत ऐन लग्नसराईत एडिटिंग ठप्प झालं. चार डिस्कच्या सर्व्हरवरून फुटेज उघडलं की टाइमलाइन दोन सेकंद चालायची आणि अडकायची. मालकांनी हार्डवेअरवाल्याला बोलावलं. त्याने वेग पाहिला, सेकंदाला १२ एमबी.

“दादा, केबल गेली. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. एक तुटली की लाइन १०० मेगाबिटवर येऊ शकते, आणि १०० ला एवढाच वेग मिळतो.”

बोलणं शास्त्राला धरून होतं, म्हणूनच कुणी उलट विचारलं नाही. नव्या केबली आल्या, नवा स्विच आला. वेग जिथल्या तिथे.

मग डिस्कवर संशय गेला. नुकतीच टाकलेली २ जीबीची फाइल त्याने सर्व्हरवरच वाचून पाहिली. क्षणात संपली. “डिस्क ठणठणीत आहेत, दादा. सर्व्हरच बदला.” मालकांनी कोटेशनसाठी फोन उचलला.

तेव्हा एडिटिंगला बसणारी मुलगी म्हणाली, “दादा, कार्डावरचं फुटेज सर्व्हरवर टाकताना वेग शंभरच्या वर असतो. रखडतं ते फक्त उघडताना. लाइन कमी झाली असती तर टाकतानाही बारानेच गेलं असतं ना?”

हे ती रोज बघत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हार्डवेअरवाला चपापला, पण माणूस खरा. तिच्या शेजारी खुर्ची ओढून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. आयपर्फने नुसतं नेटवर्क मोजलं. दोन्ही दिशांनी ९४० मेगाबिटच्या आसपास. म्हणजे केबल आणि स्विच दोन्ही निर्दोष. मग ती फाइल क्षणात कशी संपली? नुकतीच लिहिलेली असल्याने ती सर्व्हरच्या रॅममध्येच होती. डिस्कला हातही लागला नव्हता. कॅशे रिकामी करून मागच्या वर्षीचं एक लग्न वाचलं. १२!

आता एकेक डिस्क वेगळी वाचली. तीन डिस्क दीडशेने धावल्या, एक रांगत होती. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या तिच्या स्मार्ट अहवालात पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शेकड्यात होता. तो शून्य असायला हवा.

शिवाय ती साधी डेस्कटॉपची डिस्क होती. सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क खराब जागेवर साधारण ७ सेकंदांत हार मानते आणि रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारी व्यवस्था, बाकीच्या डिस्कवरून माहिती जुळवून घेते. साधी डिस्क तीच जागा कितीतरी वेळ पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि रेड ५ मध्ये फाइल सगळ्या डिस्कवर विखुरलेली असल्याने तीन चांगल्या डिस्क चौथीची वाट पाहत थांबतात. लिहिताना हा त्रास दिसत नाही. माल आधी रॅममध्ये जातो आणि खराब जागेऐवजी डिस्क राखीव जागा वापरते.

मालक लगेच डिस्क काढायला उठले. मुलीने थांबवलं. “आधी सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर घेऊ या. नवी डिस्क भरत असताना आणखी एक गेली तर सगळंच जाईल. लोकांची लग्नं परत शूट करता येत नाहीत, दादा.”

रात्रभर कॉपी चालली, मग डिस्क बदलली. वाचनाचा वेग ११० वर आला.

तुमच्याकडे असा सर्व्हर असेल तर आजच प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल उघडा, आणि रेड आहे म्हणून वेगळी प्रत घ्यायचं टाळू नका.