विधवेने शेजाऱ्यांपाशी काय मागितले?

(शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७)



उसाची बिले हाती येऊ लागली म्हणजे आमच्या पन्हाळ्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांत लग्नांची बोलणी सुरू होतात. मग मंडळीतील कोणी बाप पाळकाकडे किंवा उपदेशकाकडे येऊन हळूच विचारतो, "मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढावे काय?" ह्या प्रश्नाचे उत्तर आपण वरील शास्त्रपाठात शोधू या.

संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण मरण पावला. तो देवाचे भय बाळगणारा होता, तरी त्याच्यावर ऋण होते. ह्यावरून हे ध्यानात घ्यावे की, ऋण झाले एवढ्यावरून कोणास अधर्मी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु पुढे काय झाले ते पाहा. ऋण करणारा निघून गेला आणि धनको त्याच्या दोन मुलांना दास करून नेण्यास दारी आला.

पहिली गोष्ट ही की, ऋण एक जण करतो व ते दुसऱ्यास फेडावे लागते. सावकाराने शेकडा पाच दरमहा व्याजाने एक लाख रुपये दिले, तर महिन्यास ५,००० रुपये केवळ व्याजाचे होतात. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज भरून होते, आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते! हे पैसे कोठून येतात? धाकट्या मुलाच्या शाळेतून, म्हाताऱ्या आईच्या औषधांतून, पुढच्या पेरणीच्या बियाण्यांतून. वरपक्षाने कर्ज काढले असेल, तर नवी सून घरात येते तीच कर्जाच्या घरात येते. आणि लग्नात अंगावर घातलेले दागिने वर्षाच्या आत गहाण पडतात.

दुसरी गोष्ट ही की, सर्व ऋण सारखे नसते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव करून खतपत्रे जाळली. त्यानंतर नेमलेल्या सरकारी चौकशी मंडळाने असे मत नोंदवले की, कुणब्याच्या कर्जास लग्नखर्चच कारण आहे असे जे म्हणतात ते वाजवीपेक्षा अधिक आहे. अन्न, बी, बैल व सरकारी सारा ह्यांसाठी वारंवार काढलेल्या लहान रकमांनीच कर्ज अधिक फुगते. हे न्याय्य बोलणे आहे, व गरिबास उधळ्या म्हणणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. तथापि त्यातूनच आपणांस बोध मिळतो. ज्याच्या डोक्यावर पोटासाठी काढलेले ऋण आधीच आहे, त्याने त्यावर मानपानाचे ऋण का चढवावे? बैल नांगर ओढून आपली किंमत फेडतो, बी कणीस देते. परंतु बँड, वरात व जेवणावळ दुसऱ्या दिवशी काय देतात?

"पण लोक काय म्हणतील?" हा खरा काटा आहे. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून हलके झालो असे भावकीस वाटू नये, ह्यासाठी पुष्कळ जण ऐपतीबाहेर खर्च करतात. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. परंतु लग्नाला खरोखर लागते काय? १८७२ चा ख्रिस्ती विवाहाचा कायदा मुख्यत्वे लेखी सूचना, अधिकार असलेला पाळक, दोन साक्षीदार व नोंदवहीतील सह्या मागतो. मांडव किती खणांचा असावा हे त्यात नाही. हुंडा तर १९६१ च्या कायद्याने देणे व घेणे दोन्ही गुन्हा आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस उणा पडला; आपल्या प्रभूने त्या घराची निंदा केली नाही, तर त्याची लाज राखली. ज्या लग्नास तो येतो तेथे उणेपणा ही नामुष्की नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अलीशाने त्या विधवेस प्रथम विचारले की, घरात काय आहे? मग त्याने तिला शेजाऱ्यांकडे पाठवले. पण पैसे मागण्यास नव्हे, तर रिकामी भांडी मागण्यास. बंधूंनो, हेच आमचे उत्तर आहे. आधी घरात काय आहे ते नवराबायकोने मिळून कागदावर लिहावे. गडावरचे अंबारखाने वेढा पडण्यापूर्वी भरत असत, पडल्यावर नव्हे. तसे मुलगी लहान असतानाच बचत गटात थोडे थोडे टाकावे. मग मंडळीने भांडी द्यावी, म्हणजे पातेली, सतरंज्या, लाकूडफाटा व राबणारे हात. उपदेशकांनी व वडिलांनी ह्याचा पुढाकार घ्यावा. आणि ज्या बंधूंना देवाने भरपूर दिले आहे त्यांनी आपल्या घरचे लग्न आधी साधे करावे. कारण श्रीमंताचा थाट पाहूनच गरीब सावकाराच्या दारी जातो. केवळ गरिबास साधेपणाचा उपदेश करणे हे त्याच्यावर दुसरे ओझे घालणे होय.

इतके करूनही काही रक्कम उणी पडली, तर एका हंगामाच्या कमाईतून फिटेल इतकीच घ्यावी. पतपेढी, बँक किंवा बचत गट ह्यांकडून पावती घेऊन घ्यावी. जमीन गहाण टाकू नये. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करता येत नाही, हेही ठाऊक असावे.

जे आधीच कर्जात आहेत त्यांनी खचू नये. विधवेचे तेल वाढले तेव्हा अलीशाने क्रम लावून दिला : तेल विकावे, प्रथम ऋण फेडावे, उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करावा. तिची भांडी संपेपर्यंत तेल थांबले नाही. आपल्या मंडळ्यांत एकमेकांसाठी भांडी उणी पडू नयेत, आणि आपल्या कोणत्याही लेकराच्या लग्नाची किंमत त्याच्या धाकट्या भावंडांनी भरू नये, अशी कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.